क्रॉसखाली विहीर नव्हती

“ते गटारावरनं फिरवलेलं गाडं माझ्या सैपाकघरात नाय यायचं!”

“चाकं पुसलीत, मावशी. फिनेलने.”

“फिनेलने पुसलं म्हणून काय गटार चर्चात नेशील?”

“थोडा वेळ दे फक्त. तू मांडवात जाऊन बस, मी…”

“मी मांडवात बसू? माझ्याच घरातून मना बाहेर काढतेस? आज उंबराचं पाणी हाय, एव्ही! संध्याकाळी बँड येईल, अख्खं गाव येईल, पिठाचे फुगे तळायला बाया येतील, आणि तुला माझी जमीन तपासायचीय?”

“अख्खं गाव येणार म्हणूनच तपासायचीय!”

शेवटच्या शब्दाला एव्हलिनचा आवाज फाटला. कॉन्सेप्टा मावशीच्या तोंडावर या पोरीने कधी आवाज चढवला नव्हता. अंगणात मांडवाला झालर लावणारा माणूससुद्धा शिडीवर थांबून बघायला लागला.

अंधेरी पूर्वेला, मेट्रोच्या खांबांच्या आणि काचेच्या ऑफिसांच्या मागे हे गावठाण दडलंय. मावशी स्वयंपाकघराच्या दारात चौकटीला दोन्ही हात लावून उभी होती. अंगात अजून मॅक्सीच, पण केसांत सकाळपासून अबोली माळलेली. उद्या तिच्या एकुलत्या एका मुलाचं, नेव्हिलचं लग्न. आणि समोर तिची भाची एव्हलिन, घामाघूम, एका पिवळ्या यंत्राचा दांडा धरून. लांबून पाहिलं तर बाळाला फिरवायची गाडी वाटावी. चार चाकं, खाली जमिनीला लागून एक चपटी पेटी, वर दांड्यावर स्क्रीन.

न खणता जमिनीत काय आहे ते सांगणं, हे एव्हलिनचं काम. पेटीतून लहरी खाली जातात, कशावर तरी आपटतात, परत येतात. पाइपवर आपटल्या की स्क्रीनवर उलटी वाटी उमटते. केबल असेल तर छोटी वाटी, गटार असेल तर मोठी. गेली काही वर्षं ती असे रस्ते वाचत हिंडते आहे. गोरेगावात केबल टाकायच्या आधी, घाटकोपरला पाइप बदलायच्या आधी, हातात दांडा, नजर खाली, पाठीवर ऊन. लोक थांबतात. “मॅडम, सोनं निघालं का?” हा प्रश्न तिला रोज येतो. “निघालं की पहिला फोन तुम्हाला,” हे उत्तरही रोजचंच. बोरिवलीच्या एका आजोबांनी तर तिला सोसायटीच्या बागेत नेलं होतं. बायकोची नथ कधीतरी कुंडीजवळ पडली होती म्हणे. एव्हलिनने खरोखर गाडी फिरवली. नथ मिळाली नाही, पण आजोबांनी पन्हं पाजलं.

तेव्हा तिला या कामाची भीती नव्हती. जमीन तिला बोलकी वाटायची. भीती आली ती मुलुंडच्या एका सोसायटीत.

तिथे पार्किंगमध्ये उभी केलेली एक स्कूटर सकाळी गायब होती. स्कूटरच्या जागी भोक. कधीकाळची विहीर, वर काँक्रीटची लादी, लादीवर पेव्हर ब्लॉक, आणि विहीर होती हे सगळे विसरलेले. आणखी कुठे पोकळी आहे का ते बघायला एव्हलिनला बोलावलं. दोरी कमरेला बांधून ती पोटावर सरपटत भोकाच्या काठाशी गेली आणि तिने आत डोकावलं. खाली काळं पाणी. पाण्यावर लाल हेल्मेट. ते हेल्मेट सावकाश गोल फिरत होतं, आणि आत वारा तर कसलाच नव्हता.

“आदल्या संध्याकाळी माझी खुर्ची इथेच होती,” वॉचमन तिच्या मागे कुणाला तरी सांगत होता. तेच वाक्य, पुन्हा पुन्हा.

त्या दिवसापासून एव्हलिन बदलली. नव्या इमारतीत शिरली की आधी पायाने जमीन ठोकते. कंपाउंडच्या मधून चालत नाही. दहिसरला ती मैत्रिणीबरोबर भाड्याच्या घरात राहते, टॉवरमध्ये, पार उंचावर. “तुला खालीच भीती वाटते ना, मग इतक्या वर का घेतलंस?” मैत्रिणीने विचारलं होतं. “वर असलं की खाली काय आहे ते ठाऊक असतं,” एव्हलिन म्हणाली. “दुसऱ्याची बेडरूम.”

म्हणूनच नेव्हिलचं लग्न ठरल्यावर तिने साहेबांची परवानगी काढून यंत्र गावठाणात आणलं होतं. नेव्हिल हसून लोळायचा बाकी राहिला. “लोक लग्नाला डीजे आणतात. माझ्या बहिणीने रडार आणलंय!”

“क्रॉसकडे तू नाचणार, बँडवाले नाचणार, अख्खं गाव नाचणार. खाली विहीर आहे, नेव्हिल.”

“खाली विहीर आहे हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे, एव्ही.”

तेही खरं. नवऱ्यामुलाला लग्नाच्या आदल्या दिवशी विहिरीच्या पाण्याने आंघोळ घालायची, ते पाणी वाजतगाजत आणायचं, हे उंबराचं पाणी इथल्या घरांत चालत आलेलं. मच्छरांपायी विहीर बंद झाली, पण वरात थांबली नाही. रस्त्याच्या कडेला सिमेंटचा क्रॉस आहे, त्याच्या पायाशी आता नळाच्या पाण्याने भरलेला निळा ड्रम ठेवतात. बाया गाणी म्हणत जातात, ड्रममध्ये नाणं टाकतात, कळशी बुडवतात. बाहेरच्याला हसू येईल. गावाला येत नाही. विहीर क्रॉसखाली आहेच ना. ड्रम म्हणजे तिचं तोंड.

आज सकाळी एव्हलिनने क्रॉसभोवती गाडी फिरवली. उभी, आडवी, पुन्हा उभी. स्क्रीनवर एकावर एक शांत रेघा उतरल्या. मुरूम, मग खडक. कुठे पोकळी नाही, भराव नाही, दगडी बांधकामाचा तुकडा नाही.

“काय दिसतंय?” नेव्हिलने विचारलं.

“काहीच नाही. घट्ट जमीन आहे.”

“झकास! नाचू मग!”

एव्हलिनही हसली. पाठीवरचं ओझं उतरल्यासारखं तिने क्रॉसच्या पायरीवर बूड टेकलं, पाण्याची बाटली तोंडाला लावली. आणि घोट तोंडातच राहिला.

“नेव्हिल. मग विहीर कुठे आहे?”

“म्हणजे?”

“इथे नाही. कधीच नव्हती. इथला खडक कुणी फोडलेलाच नाही.”

“असेल मग इकडेतिकडे.”

“विहीर चालत जात नाही रे!”

तिने गाडी पुन्हा उचलली. रस्त्याची कड बघितली, काही नाही. गल्लीचं तोंड, एक पाइप, एक केबल. मग मावशीचं अंगण. मांडवाच्या खांबांमधून, खुर्च्या सरकवत ती पट्टे मारत गेली. फणसाची मुळं. जुनं गटार. परत घट्ट मुरूम. एरवी जमीन स्वच्छ निघाली की तिला आनंद व्हायचा. आज प्रत्येक स्वच्छ पट्ट्यानिशी ती गाडी आणखी हळू ढकलत होती, कारण मोकळी निघालेली जमीन मागे राहत होती आणि पुढे फक्त घर उरत होतं. शेजारी टॉवरचं काम चाललंय. त्यांच्या पत्र्यांनी अर्धं अंगण आधीच खाल्लंय. उरलेल्या अंगणाच्या शेवटच्या पट्ट्यात, स्वयंपाकघराच्या बाहेरच्या भिंतीला लागून, रेघा वाकल्या. वाकून एक दगडी कडं उमटलं. थाळीची कड पदराखालून दिसावी तेवढंच. बाकीची थाळी भिंतीच्या आत.

म्हणून ती आता या दारात उभी होती, आणि मावशी तिला आत सोडत नव्हती.

“ममा, करू दे ना तिला,” नेव्हिल मागून आला. दाढी अर्धी केलेली, खांद्यावर टॉवेल. “नाहीतर लग्नभर हे असं तोंड घेऊन फिरेल. फोटो खराब होतील माझे.”

मावशीने मुलाकडे पाहिलं, भाचीकडे पाहिलं. चौकटीवरचे हात खाली आले.

“बूट काढ,” ती म्हणाली. “आणि माझ्या पिठाला धक्का लावू नको.”

एव्हलिन आत आली. हे स्वयंपाकघर तिच्या हाडांत होतं. आई गेली तेव्हा ती इतकी लहान होती की आईचा चेहरा तिला फोटोतूनच माहीत; वाढली ती इथे, मावशीच्या हाताखाली. मावशीचा नवरा मार्कस तेव्हा होता. त्यानेच हे स्वयंपाकघर घराच्या मागे काढलेलं. घरातली सगळ्यात थंड जागा. मे महिन्यात पाय टेकला तरी गार वाटायचं. पण पोरं इथे झोपायची नाहीत. माळ्यावर, पंख्याखाली, घामाने चिंब होऊन झोपायची. इथे दोरीवरच्या उड्या नाहीत, पकडापकडी नाही. एकदा नेव्हिलने टेबलावरून उडी मारली तेव्हा मावशीने त्याला असा हाणला की मार्कस काका मध्ये पडले. वर्षाचा बॉटल मसाला कुटायला मुसळवाल्या बाया यायच्या, त्याही अंगणात बसायच्या. लग्नाचं रांधप अंगणात. मावशीला चुलीकडे गर्दी खपत नाही, एवढंच पोरांना ठाऊक. फ्रिज भिंतीला, सिलिंडर भिंतीला, पाटा कोपऱ्यात. मधली जमीन नेहमी मोकळी. मावशी स्वतःसुद्धा चालायची ती भिंतीला हात लावून. गुडघ्यांचं दुखणं, काय करणार.

यंदा अंगणात जागा नव्हती म्हणून नेव्हिलने मावशीशी भांडून सगळं आत मांडलं होतं. डुकराच्या इंद्यालचे दोन अजस्र टोप, बाया बसायला बाकडी, पिठाची पितळी परात, सगळं बरोब्बर मधोमध.

“हे आधी बाहेर काढ,” एव्हलिन म्हणाली.

“रिकामे आहेत गं टोप.”

“मग उचलायला हलके. काढ. आणि कडेकडेने जा.”

नेव्हिलने विनोद करायला तोंड उघडलं, तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि टोप, बाकडी बाहेर नेली, परात ओट्यावर ठेवली.

ती मधे गेली नाही. पेटी चाकांवरून सोडवली, पोछ्याच्या लांब दांड्याला दोरीने बांधली, आणि भिंतीशी उकिडवी बसून पेटी पुढे ढकलू लागली. फरशीवरून पेटी घासत जायचा खर्रर्र आवाज. स्क्रीनवर छोट्या उलट्या वाट्यांची रांग आली. लादीतल्या सळया. भिंतीपाशी चांगल्या ठसठशीत होत्या. पेटी पुढे गेली तशा त्या फिक्या पडत गेल्या. मधोमध पोचेपर्यंत तिथे नुसता डाग उरला, सळया गंजून गेल्यावर उमटतो तसा. आणि त्याखाली पट्टे. एक पट्टा, त्याखाली तोच पट्टा, त्याखाली पुन्हा तोच. रिकाम्या चर्चमध्ये मोठ्याने आमेन म्हणावं आणि ते भिंतींवरून परत परत येत राहावं, तसे.

असे पट्टे तिने मुलुंडला पाहिले होते.

“नेव्हिल,” ती कुजबुजली, “मागे सरक. भिंतीला चिकट.”

“काय झालं?”

“सरक ना रे!”

“हलू की नको हलू?”

“हळू हल!”

तो भिंतीला चिकटला. त्याचा चेहरा पांढराफटक दिसत होता. साबण होता की भीती, कळलं नाही. “काय आहे खाली, एव्ही?”

“वर लादी. लादीखाली हवा. त्याच्याखाली पाणी असणार. भराव टाकला असेल तर तो कधीच बसलाय.”

“किती टिकेल?”

“ते यंत्र सांगत नाही.”

“अगं, इतकी वर्षं टिकली ना!”

“मुलुंडची पण आदल्या संध्याकाळपर्यंत टिकली होती.”

सांगता सांगता ती दांडा मागे ओढत होती आणि पेटी फरशीच्या सांध्यांवर टकटक वाजत होती. तिने दांडा उचलून मांडीवर घेतला. तो आवाज तिला सहन होईना. टकटक खाली जाऊन परत येत होती.

मावशी इतका वेळ फ्रिजपाशी उभी होती. “झालं?” ती म्हणाली. “बघितलंस? आता लिहून दे. पालिकेचा साहेब येईल, पट्टी बांधेल, सील लावेल. शेजारचा टॉवरवाला त्याचीच वाट बघतोय. सील लागलेलं घर या गावात परत उघडलेलं बघितलंस कवा? नवरी उद्या कुठे आणायची, फुटपाथवर?”

“नवरी या फरशीवर उभी राहिली तर…”

“गप! शुभ दिवशी काय बोलतेस!” मावशीने छातीवर क्रूस केला. “विहीर क्रॉसखाली हाय. लहानाला विचार, मोठ्याला विचार.”

“क्रॉसखाली खडक आहे, मावशी. मी सकाळी बघितलं.”

“असणारच खडक! एवढा सिमेंटचा क्रॉस, तो काय लादीवर ठेवतील? लादी धरेल तेवढं वजन? म्हणून तर बाजूला…”

मावशी थांबली.

बाहेर बँडवाल्यांपैकी कुणीतरी आलं असावं. कॉर्नेटवर एकच सूर फुंकून पाहिला, पुसला, पुन्हा फुंकला.

“बाजूला म्हणजे?” एव्हलिनने विचारलं.

“बाजूला म्हणजे बाजूला.”

“मावशी.”

“आधी लाकडाचा क्रॉस होता. विहिरीच्या काठाला,” मावशी फ्रिजच्या दाराशी बोलल्यासारखी बोलू लागली. “विहीर झाकली, मग कुणी गल्फवरनं आयला, त्याचा नवस होता, सिमेंटचा क्रॉस बांधायचा. गडी बोलले, लादीवर नको, रस्त्याकडेला घट्ट जमीन हाय, तिथे बांधू. बांधला. मग वराती तिकडे जायला लागल्या. क्रॉस जिथे, पाणी तिथे. पोरांना कोण सांगत बसतंय? ज्यांना ठाऊक होतं ते सगळे सिमेट्रीत गेले.”

“सगळे?” एव्हलिन म्हणाली.



“आणि ती लादी, ममा?” हे नेव्हिल. आवाजातली मस्करी कुठल्या कुठे गेली होती. “तिचं काय झालं?”

“असेल. मातीखाली कुठेतरी.”

“पप्पांनी हे स्वयंपाकघर बांधलं तेव्हा खालचा कोबा कुणी घातला? का आयता होता?”

“मी तेव्हा तुला पोटात घेऊन बसली होती. मना काय ठाऊक?”

“कॉन्सेप्टा!” अंगणातून हाक आली. बाया आल्या होत्या. बांगड्या, हसणं, झारे एकमेकांवर आपटल्याचा खणखणाट. “पीठ फुगलं का गं? येऊ का आत? आम्ही सगळ्याच आयलोय!”

एव्हलिन झटक्यात उठली, पाय घसरला, तळवा मधल्या फरशीवर पडला. फरशी गार होती. तिने हात असा ओढून घेतला जणू खालून कुणी तो धरायला आलं होतं.

“त्यांना आत घेऊ नकोस. मावशी, मला लिहून नाही द्यायचं काही. सील नको, साहेब नको. उद्याचं उद्या बघू. पण आज कुणी इथे नको. तू पण नको.”

“पीठ फुकट जाईल.”

“पीठ?” एव्हलिनच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते भीतीचं होतं की रागाचं, तिलाच कळेना. “तू आम्हाला इथे झोपू दिलं नाहीस. उड्या मारू दिल्या नाहीत. मसाला इथे कुटू दिला नाहीस. आम्हाला वाटायचं, मावशी चुलीपायी चिडते. आम्ही माळ्यावर झोपायचो, आणि तू भांडी आवरायला इथे एकटी असायचीस. रोज. मावशी, तुला ठाऊक होतं?”



मावशी सिलिंडरपाशी गेली, खाली वाकली, रेग्युलेटर बंद केला. मग स्टुलावर चढली. नेव्हिल धरायला पुढे झाला तर तिने डोळ्यांनीच त्याला जागच्या जागी थांबवलं. भिंतीवरची येशूची तसबीर तिने खिळ्यावरून काढली, पुढचा छोटा दिवा विझवला, तोही घेतला. स्वयंपाकघर बांधलं तेव्हापासून ती तसबीर तिथे आहे. घराला रंग लावतानाही खाली उतरवली नव्हती. दोन्ही हातांनी तिने ती पोटाशी धरली.

समोर दार होतं. मधली जमीन आता मोकळी होती. सरळ गेलं तर चार पावलांत बाहेर.

मावशी फ्रिजच्या बाजूने वळली. पाट्याला वळसा घातला. सिंकपाशी अंग चोरलं. हात भिंतीला नव्हता, दोन्ही हातांत तसबीर होती. गुडघेही कुठे अडखळले नाहीत. तिची पावलं भिंतीच्या कडेकडेने, एकापुढे एक, न बघता पडत होती. मांजर पत्र्याच्या कडेवरून चालतं तितकी सराईत. एव्हलिन आणि नेव्हिल भिंतीला पाठ लावून त्या पावलांकडे बघत राहिले.

“ममा,” नेव्हिल म्हणाला.

ती उंबऱ्यापाशी आली, उंबरा ओलांडला, आणि मागे वळून न बघता मांडवात उतरली. तिच्या हातातली तसबीर दिसली तसं अंगणातलं हसणं एकेक करून थांबलं.